दुधाच्या बाटल्या आणि कॅलिफोर्नियाचे पैसे

मार्च 1972. जेरुसलेमच्या रेहाविया वस्तीत लोकांनी सकाळी दार उघडले तर दुधाच्या बाटल्या गायब. रेहाविया म्हणजे प्राध्यापक, वकील, बडे सरकारी अधिकारी यांची वस्ती. बाटल्यांच्या जागी एक चिठ्ठी होती. तिचा मतलब असा की, तुमच्याकडे कुत्र्यामांजरांनाही दूध मिळते. आज ते आम्ही अशा मुलांसाठी नेले आहे, ज्यांना ते कधी मिळत नाही. बाटल्या तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला, किर्यात योवेलमधल्या ॲस्बेस्टॉसच्या झोपड्यांच्या वस्तीत वाटूनही झाल्या होत्या.

हे काम इस्रायलच्या ‘ब्लॅक पँथर्स’चे. मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली तीही याच वर्षी. नाव दोघांनीही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पक्षाकडून उचलले होते. जेरुसलेमचे पँथर मुंबईच्या पँथरांपेक्षा वर्षभराने मोठे. मोरोक्को आणि बाकीच्या उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यू कुटुंबांतली ही पोरे मुसरारा नावाच्या मोहल्ल्यात वाढली. 1948 पर्यंत तिथे सुखवस्तू अरब राहत. कमानीदार दगडी घरे त्यांचीच. युद्धात ते परागंदा झाले आणि त्यांना परत येऊ दिले गेले नाही. मग एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन ज्यू निर्वासित कुटुंबे कोंबली गेली. पुढची 19 वर्षे मोहल्ल्याच्या कडेने जॉर्डनची युद्धबंदी रेषा, काटेरी तार आणि पलीकडे बंदुका. 1971 च्या वसंतात ही मुले रस्त्यावर उतरली, पंतप्रधान गोल्डा मेयर यांना भेटली, आणि बाईंनी नंतर ही मुले काही चांगली नाहीत असा शेरा मारला. इस्रायलमध्ये तो शेरा अजून कुणी विसरलेले नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी याच मुसराराचे पालकत्व 12 हजार किलोमीटर दूरच्या लॉस एंजेलिसमधल्या ज्यू समाजाने घेतले. नुसता धनादेश धाडून तो समाज थांबला नाही. त्याची माणसे मोहल्ल्यात येऊन रहिवाशांसोबत समितीवर बसली, बालवाडी कुठे हवी यावर वाद घालू लागली. इस्रायलबाहेरचे ज्यू आणि इस्रायलमधली गावे यांच्यातल्या जोडीदारीचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो, असे मी मानतो. त्याआधी जे होते तो दानधर्म होता.

तोही काही थोडाथोडका नव्हता. जर्मनीत नोव्हेंबर 1938 मध्ये सिनेगॉग जाळले गेल्यावर जानेवारी 1939 मध्ये अमेरिकेतल्या ज्यू मदतसंस्थांनी एकत्र येऊन ‘युनायटेड ज्यूइश अपील’ सुरू केले. अमेरिकेच्या प्रत्येक मोठ्या शहरात ज्यूंचे ‘फेडरेशन’ असे. वर्षातून एकदा वर्गणी गोळा व्हायची, काही वाटा गावातल्या इस्पितळाला आणि वृद्धाश्रमाला, उरलेला समुद्रापार. जानेवारी 1948 मध्ये गोल्डाबाई (तेव्हाच्या मायर्सन) शिकागोत या फेडरेशनांच्या अधिवेशनात बोलल्या. त्या अडीच कोटी डॉलर मागायला गेल्या होत्या; मार्चमध्ये परतल्या तेव्हा पाच कोटी जमले होते. त्यातून शस्त्रे आली आणि राष्ट्र जन्माला आले. देणाऱ्यांनी हिशेब मागितला नाही, घेणाऱ्यांनी सल्ला मागितला नाही.

ही वाटणी पुढे जवळजवळ लेखी झाली. 23 ऑगस्ट 1950 रोजी जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलात पंतप्रधान बेन-गुरियन यांनी अमेरिकन ज्यू नेते जेकब ब्लाउस्टाइन यांना जाहीर ग्वाही दिली की, अमेरिकेतल्या ज्यूंची राजकीय निष्ठा अमेरिकेशीच आहे, इस्रायल त्यांच्या वतीने बोलणार नाही. त्याची दुसरी बाजूही उघड होती: त्यांनी इस्रायलच्या कारभारात नाक खुपसायचे नाही. बाहेरून येणाऱ्या ज्यूंना आणून वसवणारी ‘ज्यूइश एजन्सी’ पैसे घेई आणि तिला योग्य वाटेल तिथे खर्च करी. दक्षिणेत 1951 मध्ये वसलेल्या एका गावाला लॉस एंजेलिसच्या देणगीदारांच्या मानाखातर किर्यात मलाखी, म्हणजे देवदूतांचे गाव, असे नाव दिले गेले. पण त्या गावात राहायला आलेल्यांशी लॉस एंजेलिसच्या कुणाचा फारसा संबंध आला नाही.

आणि माणसे तर लोंढ्याने येत होती. मे 1948 मध्ये साडेसहा लाख ज्यूंचा असलेला देश 1951 संपताना चौदा लाखांचा झाला. येमेन, इराक, मोरोक्को, रुमानिया. तंबू, मग पत्र्याच्या आणि कापडाच्या छावण्या, मग नकाशावर टिंबे देऊन वसवलेली ‘विकास-गावे’: येरुहाम, डिमोना, ओफाकिम, किर्यात गात. देशाच्या मध्यातली चांगली जागा आधीच आलेल्या युरोपीय ज्यूंनी धरली होती. नव्यांच्या वाट्याला आले वाळवंट आणि सरहद्द.

या लोंढ्यात मराठी बोलणारेही होते.

कोकणातले बेने इस्रायल. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने ज्यांना शनवार तेली म्हटले ते लोक. 1948 पर्यंत त्यांतले बरेचसे मुंबईत रेल्वे, गोदी, पोस्ट, गिरण्या आणि लष्करात नोकरीला लागलेले होते. भारतात त्यांचा छळ कधी झाला नव्हता. त्यांना ओढ होती ती धर्माची, आणि इंग्रज गेल्यावर आपले कसे होईल ही थोडी धास्तीही. एजन्सीने मुंबईहून विमाने भरली. तिकिटाचे पैसे अमेरिकेच्या वर्गणीतले. उतरल्यावर बऱ्याच जणांची रवानगी झाली बीरशेबाला, वाळवंटाच्या तोंडाशी.

तिथे जे वाट्याला आले त्याची तक्रार त्यांनी फार साध्या शब्दांत केली: दुकानदार सांगतो, तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव खा, पांढरा पाव गोऱ्या ज्यूंसाठी आहे. कारकुनी केलेल्या माणसाला दगड फोडायला पाठवले जाई. नोव्हेंबर 1951 मध्ये सुमारे दीडशे जण तेल अवीवला जाऊन धरणे धरून बसले. मागणी एकच: आम्हाला भारतात परत पाठवा. उपोषणे झाली, पोलिसांच्या काठ्या बसल्या, आणि एप्रिल 1952 मध्ये शंभराहून अधिक लोकांना खरोखरच मुंबईला परत आणून सोडण्यात आले. त्यांतल्या बहुतेकांनी काही काळाने पुन्हा इस्रायलचीच वाट धरली, हा या कथेतला कोकणी हट्टाचा भाग.

दहा वर्षांनी याहून खोल घाव बसला. 1962 मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांच्या कार्यालयाने फर्मान काढले की, बेने इस्रायल माणसाचे इतर ज्यूशी लग्न लावण्याआधी त्याच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. म्हणजे ज्यांनी शतकानुशतके शब्बाथ पाळला त्यांनी आता आपल्या आजी-पणजीचे दाखले काढायचे. सॅमसन जे. सॅमसन यांच्या पुढाकाराने कृती समिती उभी राहिली, जेरुसलेममध्ये धरणे झाले, इकडे मुंबईतही निषेध झाला. शेवटी 17 ऑगस्ट 1964 रोजी संसदेचे खास अधिवेशन भरवून बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असा ठराव करावा लागला. महिनाअखेरीस रब्बींच्या फर्मानातून त्यांचे नाव गळाले. त्या वेळी पंतप्रधान होते लेव्ही एश्कोल, ज्यांनी आधी एजन्सीचा वसाहत विभाग वर्षानुवर्षे चालवला होता. निर्वासितांना कुठल्या गावी धाडायचे याचा हिशेब ज्या माणसाने केला, त्याच्याच कारकिर्दीत त्या निर्वासितांच्या लग्नाचा प्रश्न संसदेत यावा, यात मला काही योगायोग दिसत नाही. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच. निर्णय घेणारा तेल अवीवमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये असे, आणि ज्याच्याबद्दल निर्णय तो बीरशेबात.

1967 च्या युद्धानंतर बाहेरच्या ज्यूंचा उत्साह आणि वर्गणी दोन्ही उसळली, आणि देणाऱ्यांना आता बोलायचेही होते. 1971 मध्ये एजन्सीची फेररचना झाली. तिच्या नियामक मंडळांत निम्म्या जागा जागतिक झायोनिस्ट संघटनेला, उरलेल्या निम्म्या वर्गणी गोळा करणाऱ्या समाजांना. देणगीदाराला पहिली खुर्ची मिळाली ती अशी. ज्यांच्यासाठी पैसा यायचा त्या मुसराराच्या पोरांना मात्र अजून उभेच राहायचे होते. त्यांच्या मोर्चांचे तेच वर्ष.

मे 1977 मध्ये मजूर पक्षाची तीन दशकांची सत्ता उलथली. मेनाखेम बेगिन निवडून आले ते मोठ्या प्रमाणात याच नाराज मतांवर: मोरोक्कन, इराकी, येमेनी. आल्या आल्या त्यांनी घोषणा केली की, अशा वस्त्यांमधल्या सुमारे तीन लाख माणसांची घरे आणि जिणे सुधारायचे, दीडशेहून अधिक वस्त्या घ्यायच्या, आणि खर्चाचा अर्धा वाटा बाहेरच्या ज्यूंनी उचलायचा. हिब्रूत योजनेचे नाव ‘शिकुम श्खुनोत’, बाहेर तिला ‘प्रोजेक्ट रिन्यूअल’ म्हणत. या घोषणेतच एक कबुली होती: आमच्याकडे गरिबी आहे.

योजनेची कल्पकता पैशात नव्हती, जोडणीत होती. एका बाहेरच्या समाजाला एक ठरावीक वस्ती नेमून दिली गेली. लॉस एंजेलिसला मुसरारा. मायामीला ओर अकिवा. डेट्रॉइटला रामला. ब्रिटनच्या ज्यूंना अश्केलॉन. न्यूयॉर्कला तेल अवीवमधला हातिक्वा मोहल्ला. आणि प्रत्येक वस्तीत एक सुकाणू समिती: नगरपालिका, मंत्रालये, एजन्सी यांचे प्रतिनिधी, आणि त्यांच्या बरोबरीने रहिवाशांचे. वर्षातून काही वेळा देणगीदार शहराची मंडळी येत. त्यांच्या सहमतीशिवाय त्यांचा पैसा हलत नसे.

मोटारींचे कारखानदार आणि वकील डेट्रॉइटहून उठून रामलात येतात, आणि त्यांच्यासमोर बसते कधीकाळची सफाई कामगार बाई, जिला समितीत निवडून दिलेले आहे. ती म्हणते, पोहण्याचा तलाव नको, आधी आमच्या खोल्या वाढवा. अशा बैठका त्या काळात इस्रायलभर चालल्या. पन्नाशीच्या दशकातल्या सरकारी चाळींत एकेक घर चाळीस-पन्नास चौरस मीटरचे, आणि त्यात आठ-दहा माणसे. खोली वाढवायची तर तळमजल्यापासून वरपर्यंत एकाच रांगेत वाढवावी लागे. खालच्याने होकार दिल्याशिवाय वरच्याची खोली हवेत टांगता येत नाही. म्हणजे कर्ज घ्यायला चारही मजल्यांवरची भांडकुदळ बिऱ्हाडे आधी एकमताला यायला हवीत. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

घरांचा खर्च साधारणतः सरकार करी आणि बाहेरचा पैसा जाई बालवाड्या, अभ्यासिका, समाजमंदिरे, म्हाताऱ्यांचे क्लब यांवर. याला कारण अमेरिकेचा करकायदा जसा होता, तसा मानवी स्वभावही. खोलीच्या भिंतीवर पाटी लावता येत नाही, समाजमंदिरावर लागते. रहिवासी यावरून कुजबुजत. उलट अमेरिकन मंडळी मंत्रालयांच्या दिरंगाईने हैराण होत. घरी ते सहा महिन्यांत इमारत उभी करत, इथे एका जिन्याच्या परवानगीला वर्ष जाई. आणखी एक खोच होती. वस्ती सुधारली की जे जरा वर आले ते निघून जात आणि त्यांच्या जागी त्यांच्याहून गरीब येत. घरे मोठी झाली याबद्दल फारसा वाद नाही. गरिबी हटली, असे मात्र त्या योजनेचे कट्टर समर्थकही म्हणत नाहीत. पण मिटवता न येणारी एक गोष्ट घडली: त्या समित्यांमधून बोलायला शिकलेली बरीच माणसे पुढे नगरपालिकांत निवडून गेली.

यातली बरीच गावे मराठी ज्यूंच्याही वस्तीची आहेत. रामला, लोद, अश्दोद, बीरशेबा, डिमोना, येरुहाम, किर्यात गात: कुठल्याही बेने इस्रायल कुटुंबाला नातेवाइकांचे पत्ते विचारले तर हीच नावे येतील. रामलाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. जुलै 1948 मध्ये तिथले बहुतेक अरब हाकलले गेले, उरले थोडे. रिकाम्या घरांत आधी युरोपचे आणि मग आशिया-आफ्रिकेचे ज्यू आले. आज तिथल्या बाजारात हळद, आमचूर आणि चिवडा मिळतो. डेट्रॉइटच्या वर्गणीतून झालेल्या सोयी या मंडळींच्याही वाट्याला आल्या असणार. पण त्यांच्या पाठीशी त्यांचे स्वतःचे म्हणावे असे डेट्रॉइट नव्हते. मोरोक्कन ज्यूंचे निदान पॅरिस आणि माँट्रियलमध्ये सधन भाऊबंद होते. कोकणातून आलेल्यांचे जे मागे राहिले ते मुंबई-ठाण्याच्या दोन खोल्यांत.

दुसरे वळण 1994 मध्ये आले, आणि तेही एका फटकळ भाषणाने. उपपरराष्ट्रमंत्री योस्सी बेलिन यांनी जानेवारीत ज्यू महिलांच्या एका जागतिक संघटनेच्या मेळाव्यात सांगितले की, इस्रायल आता गरीब राहिलेला नाही, आम्हाला भीक नको, तुमचा पैसा तुमच्या मुलांच्या ज्यू शिक्षणावर खर्च करा आणि मुलांना इकडे पाठवा. वर्गणीवर आयुष्य घातलेल्या बायकांना ते झोंबले. पंतप्रधान राबिन यांनाही रुचले नाही. पण आकडे बेलिन यांच्या बाजूचे होते: देशाच्या उत्पन्नात बाहेरच्या देणग्यांचा वाटा आता किरकोळ होता. त्यांच्याच कल्पनेतून पुढे तरुणांना फुकट इस्रायल दाखवणारी ‘तग्लित’ सहल निघाली.

त्याच 1994 मध्ये एजन्सीने ‘पार्टनरशिप 2000’ सुरू केली. आता एकेक मोहल्ला सुटला आणि अख्खा परिसर आला: बोस्टन-हायफा, लॉस एंजेलिस-तेल अवीव, क्लीव्हलँड-बेत शान, शिकागो-किर्यात गात आणि लाखिश, माँट्रियल-बीरशेबा, मायामी-येरुहाम, सॅन दिएगो-शआर हानेगेव, न्यू जर्सीचे मेट्रोवेस्ट-ओफाकिम. अशा जोड्या आज चाळीसहून अधिक आहेत. शाळांची जोडी लागली, शिक्षक एकमेकांच्या वर्गात गेले, पश्चिम गॅलिलीच्या इस्पितळातले डॉक्टर आणि अमेरिकेतले डॉक्टर एकमेकांकडे शिकले. यात अमेरिकन बाजूची गरज लपलेली नव्हती. त्यांच्याकडे आंतरधर्मीय लग्ने वाढत होती, मुले सिनेगॉगपासून दुरावत होती. मुलांना ज्यू ठेवायला त्यांना इस्रायल हवा होता. पहिल्यांदाच मदत मागणारे दोन्ही बाजूंना होते, आणि म्हणूनच ही जोडीदारी मला आधीच्यापेक्षा प्रामाणिक वाटते.

रोजगाराच्या बाबतीत मात्र तिच्याकडून फार अपेक्षा करू नये. किर्यात गातचे नशीब उघडले ते 1999 मध्ये सुरू झालेल्या इंटेलच्या चिप कारखान्याने, आणि तो आला सरकारच्या घसघशीत अनुदानामुळे. शिकागोच्या पाहुण्यांनी तो आणला नाही.

7 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी हमासच्या हल्ल्यात ओफाकिमच्या रस्त्यांवर डझनावारी माणसे मारली गेली. शआर हानेगेव प्रादेशिक परिषदेचे प्रमुख ओफिर लिबश्टाइन आपले गाव वाचवताना पडले. सॅन दिएगो आणि न्यू जर्सीतल्या लोकांना ही नावे टीव्हीवरून कळावी लागली नाहीत. ती त्यांच्या फोनमध्ये होती. उत्तर अमेरिकेच्या फेडरेशनांनी पुढच्या काही महिन्यांत 80 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. कुंपणापलीकडे गाझात त्यानंतर जे घडले त्यात पॅलेस्टिनी लोक हजारोंनी मेले, आणि त्यावरून अमेरिकेतल्या ज्यू घराघरांत, विशेषतः तरुणांत, उभी फूट पडली. 1950 मध्ये किंग डेव्हिड हॉटेलात ठरलेली वाटणी, म्हणजे पैसे द्या आणि कारभारावर बोलू नका, आता त्या वेळच्या देणगीदारांच्याच अनेक नातवंडांना मान्य नाही.

मराठी ज्यूंचा हिशेब यापेक्षा निराळा आहे. मुंबईत मागे राहिलेल्या वृद्धांना अमेरिकन ज्यूंची ‘जॉइंट’ ही मदतसंस्था हातभार लावते. त्यांची मुले-नातवंडे ज्या गावांत राहतात त्या गावांनाही अमेरिकन शहरांची वर्गणी पोहोचते. एकाच कुटुंबाची दोन टोके, आणि मधला पैसा तिसऱ्याचा. अलिबाग आणि डिमोना अशी जोडी एजन्सीच्या यादीत कधी लागली नाही. ती लोकांनी आपली आपण लावली. नोहा मासिल यांनी इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. 1 मे रोजी तिकडे महाराष्ट्र दिन होतो. भारत-इस्रायल राजनैतिक संबंध जानेवारी 1992 मध्ये जुळले, येणेजाणे सोपे झाले, आणि तेव्हापासून अलिबागच्या इस्रायल आळीत, मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये, नवगावच्या दफनभूमीत आणि तिथल्याच खंडाळे गावाजवळच्या एलिया हनबीच्या (संदेष्टा एलियाच्या) टाप्यावर हिब्रूमिश्रित मराठी ऐकू येते. पोहे, गूळ, खोबरे, वेलची घालून मलिदा होतो, नवस फेडला जातो. तेलाचे घाणे आता उरले नाहीत. घरे बरीचशी विकली गेली. तरी रामला-लोदचे लोक तिकीट काढून येतात, आणि येण्याआधी इथे राहिलेल्या चुलत्याला नाही तर मावशीला फोन करतात.